जुनी माउंटन बाइक दुरुस्त करताना: आधी अडलेले सांधे, मग रंग

जुन्या माउंटन बाइकचं काम बहुतेक जण रंगापासून सुरू करतात आणि तिथंच फसतात. भंगारातून आणलेली सायकल दोन दिवसांत सुटी होते, फ्रेम वाळूजच्या कारखान्यात पावडर कोटिंगला (रंगाची पूड मारून भट्टीत पक्की करायला) जाते, चकचकीत होऊन येते. मग कळतं की सीटचा पाइप आत गंजून बसलाय. तो काढायला पाना, हातोडा आणि बर्नर लागला की नव्या रंगाची वाट लागते. म्हणून या लेखात क्रमाला महत्त्व आहे. पहिल्यांदा करणाऱ्यानं एकही टप्पा मागेपुढे करू नये.

इथं गृहीत धरलेली सायकल साधारण १९८५ ते १९९९ मधली, स्टीलच्या फ्रेमची, २६ इंची चाकांची आणि रिमवर घासणाऱ्या ब्रेकची आहे. आपल्याकडं सरसकट 'रेंजर' म्हणतात ती असो, नाहीतर कुणी परदेशातून आणलेली ट्रेक, जायंट किंवा स्पेशलाइज्ड असो, क्रम तोच. फरक पडतो तिथं तसं सांगितलं आहे.

१. घेण्याआधीची दहा मिनिटं

भंगारवाल्याकडं सायकल दिसली तर 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणू नका. माल एकदा जालन्याच्या लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्यांच्या वाटेला लागला की त्याची सळई होते. पण घाईतही एवढं तपासाच:

- हँडलच्या नळीला खालची तिरपी नळी जिथं जुळते, त्या जागेच्या खालच्या बाजूनं नख फिरवा. रंगाला सुरकुती किंवा धातूला फुगवटा लागला तर सायकल समोरून आदळलेली आहे. अशी फ्रेम घेऊ नका. ती सरळ करून देणारे भेटतील, पण नळी तिथंच पुन्हा वाकते किंवा चिरते.
- मागच्या चाकाच्या डाव्या खाचेपासून दोरा घेऊन हँडलच्या नळीला वळसा घालून उजव्या खाचेत आणा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंना दोऱ्याचं अंतर मोजा. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर मागचा भाग वाकलेला आहे.
- दुधाच्या कॅनसाठी कॅरियर किंवा स्टँड थेट फ्रेमला वेल्डिंग केलंय का? पातळ नळीवर जाड वेल्डिंग असेल तर त्याच्या कडेला चीर शोधा.
- सायकल कुठं उभी होती ते विचारा. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ओसरीत टांगलेली फ्रेम आतून बऱ्याचदा ठणठणीत निघते. गोठ्यात किंवा खताच्या पोत्यांना टेकून ठेवलेली मात्र बाहेरून बरी आणि आतून खाल्लेली असते. जनावरांचं मूत आणि युरिया दोन्ही धातूला वाईट.
- पायडलच्या आसाखाली (दोन्ही पायडलचे दांडे ज्या आडव्या नळीत जोडतात तिच्याखाली) फ्रेमचा नंबर असतो. त्याचा फोटो काढा आणि विकणाऱ्याकडून नंबर लिहिलेली सहीची चिठ्ठी घ्या. नंबर घासून काढलेला असेल तर स्वस्तात मिळाली तरी सोडा.

वय ओळखायचं असेल तर शिमानोच्या सुट्या भागांवर मागच्या बाजूला कोरलेली दोन इंग्रजी अक्षरं बघा. पहिलं अक्षर वर्षाचं: 'ए' म्हणजे १९७६, आणि तिथून ओळीनं पुढं. दुसरं महिन्याचं: 'ए' म्हणजे जानेवारी, 'एल' म्हणजे डिसेंबर. 'आर-ई' असेल तर तो भाग मे १९९३ चा. एका भागावरून निष्कर्ष काढू नका, कारण डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) बदललेला असू शकतो. क्रँक (पायडलचा दांडा), ब्रेक आणि हब (चाकाचा मधला भाग) तिन्हींची तारीख जवळपास जुळली तर सायकल मूळ अवस्थेत आहे असं धरायला हरकत नाही.

> सावध: ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ट्रेकनं काही अॅल्युमिनियम फ्रेम गोंदानं जोडून बनवल्या. चुंबक चिकटत नसेल आणि सांध्यावर वेल्डिंगची रेघ दिसत नसेल तर ती फ्रेम भट्टीत घालायची नाही, पावडर कोटिंग तर नाहीच.

२. हत्यारं आणि मोजमापं

नेहमीच्या पाने-एलन कीखेरीज क्रँक पुलर, तुमच्या फ्रीला (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाला) बसणारं फ्री-ओपनर, कोन पाने (१३ ते १७), १५ चा पायडल पाना, व्हर्नियर कॅलिपर आणि घट्ट बसवलेला बाक-व्हाइस लागतो. व्हाइस नसेल तर शेजारच्या लेथवाल्याशी आधीच बोलून ठेवा. ऐन वेळी पाइप-पान्यानं फ्री काढायला जाल तर फ्रीचे दात मोडतात.

एकही नट सोडण्याआधी दोन्ही बाजूंनी वीसेक फोटो काढा. केबल कुठून कशी जाते, ब्रेकच्या वॉशरांचा क्रम काय, सीट किती वर आहे. मग मोजून वहीत लिहा: मागच्या खाचांमधलं अंतर (१२६, १३० की १३५ मिमी), सीट पाइपचा व्यास, हँडलच्या दांड्याचा व्यास, टायरवरचा आकडा.

सीट पाइपचा व्यास ०.२ मिमीच्या टप्प्यांनी बदलतो: २६.४, २६.६, २६.८, २७.०, २७.२. 'जवळपास बसतोय' म्हणून बारीक पाइप घातला तर फ्रेमची चीर दाबली जाऊन कान फाटतात. पाइपवर आकडा कोरलेला असतो, गंज पुसून वाचा.

३. चार अडलेले सांधे

हा टप्पा पुरा होईपर्यंत सुटे भाग, टायर, रंग काहीही विकत घेऊ नका. क्रम असा: फ्री, पायडलचा आस, हँडलचा दांडा, आणि सगळ्यात शेवटी सीट पाइप.

पायडल मात्र सायकल चाकांवर उभी असतानाच काढा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. दोन्ही पायडल मागच्या चाकाच्या दिशेनं पाना फिरवला की सुटतात, पण पाना वरून लावलेला हवा.

*फ्री.* स्पोक कापायच्या आधी फ्री काढा. रिम गंजलीय म्हणून आधी तारा कापून टाकणारे पुष्कळ भेटतात. मग हातात नुसता हब राहतो आणि फ्री फिरवायला धरायला काहीच उरत नाही. ओपनर फ्रीच्या खाचांत बसवा आणि अॅक्सलच्या नटनं हलकं दाबून धरा, म्हणजे तो उडणार नाही. ओपनर व्हाइसमध्ये आवळा आणि रिम स्टिअरिंगसारखी धरून डावीकडं फिरवा. 'कट' आवाज येऊन जरासं हललं की थांबून नट अर्धा फेरा ढिला करा, नाहीतर अॅक्सल वाकतो.

*पायडलचा आस.* चौकोनी आसाच्या क्रँकवरचा बोल्ट (बहुधा १४ चा) काढला की खालचा वॉशरही निघाला का ते बघा. वॉशर आत राहिला तर पुलर त्यावरच जोर देतो आणि क्रँक हलत नाही. पुलर हातानं पूर्ण आत जाईपर्यंत फिरवा. दोन-तीन आट्यांवर जोर दिलात तर क्रँकचे आटे सोलून निघतात, आणि ते परत येत नाहीत. कॉटर पिनची क्रँक असेल तर नट पिनच्या टोकाला समतल येईपर्यंत ढिला करा, क्रँकखाली लोखंडी पाइपचा टेकू द्या आणि एकच सणसणीत घाव घाला. टेकू नसेल तर घाव आसाच्या छऱ्यांवर बसतो आणि वाट्यांना खड्डे पडतात.

आसाच्या उजव्या बाजूचा कप (छर्रे बसतात ती आट्यांची वाटी) बहुतेक सायकलींत उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे काढताना घड्याळाच्या दिशेनं फिरवायचा. डावा सरळ आट्यांचा. कप काढायला गेलेले निम्मे लोक उजवा कप आवळत बसलेले असतात.

*हँडलचा दांडा.* वरचा बोल्ट तीन-चार फेरे ढिला करा, पूर्ण काढू नका. त्याच्या डोक्यावर लाकडी ठोकळा ठेवून ठोका, म्हणजे आतली पाचर खाली पडेल. मग पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल डावी-उजवीकडं हलवत वर ओढा.

*सीट पाइप.* सगळ्यात जास्त वेळ इथं जातो. दोन प्रकार आहेत आणि दोन्हींना उपाय उलटे.

स्टीलच्या फ्रेममध्ये अॅल्युमिनियमचा पाइप असेल तर तापवणं घातक. अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे तापवलं की पाइप आणखी घट्ट. परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं असताना अंगणात उन्हात ठेवलेली फ्रेम घेऊन दुपारी हाणामारी करणं व्यर्थ. हे काम पहाटे करा. आदल्या रात्री फ्रेम उलटी टांगा आणि पायडलच्या आसाच्या रिकाम्या भोकातून सीटच्या नळीत भेदक तेल ओता. म्हणूनच आस आधी काढायचा. सकाळी पाइपच्या बाहेरच्या भागाला बर्फाची फडक्यातली पुरचुंडी १५ मिनिटं बांधा. जुनी सीट पाइपवर आवळून दोन्ही हातांनी फिरवा. फक्त फिरवा, ओढू नका. एकदा फिरलं की वर आपोआप येतं. नाही फिरलं तर तेल पुन्हा, आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा. चार-पाच दिवस धीर धरा.

स्टीलमध्ये स्टील गंजून बसलेलं असेल तर मात्र बाहेरची नळी तापवणं उपयोगी पडतं. पण रंग जळतो, आणि आत सांडलेलं तेल पेट घेऊ शकतं. तेल आधी पुसून, बाहेर मोकळ्यावर, पाण्याची बादली जवळ ठेवून करा.

> तपासणी: चारही सांधे मोकळे झाले का? एकही अडलेला असेल तर पुढं जाऊ नका. शेवटचा उपाय म्हणजे पाइप वर कापून आतून हॅक्सॉ ब्लेडनं उभी चीर पाडणं. फ्रेमच्या नळीला ब्लेड लागू नये म्हणून दर दोन मिनिटांनी टॉर्चनं बघा.

४. रंग ठेवायचा की काढायचा

मूळ रंग आणि स्टिकर वाचता येत असतील तर ठेवा. खरचटलेला मूळ रंग संग्राहकाला नव्या पावडर कोटिंगपेक्षा प्रिय असतो, आणि स्टिकर एकदा गेले की तसेच पुन्हा मिळत नाहीत. जुन्या रंगाची फ्रेम सौम्य साबणानं धुवा आणि खरचटलेल्या जागा तेवढ्या लहान ब्रशनं भरा. रंग अर्ध्याहून जास्त गेला असेल किंवा कुणी आधीच घरगुती ब्रशनं रंगवलेली असेल तरच भट्टीचा विचार करा.

५. गंज काढणं

आधी पाणी. आपल्या बहुतेक बोअरचं पाणी जड असतं. त्यात ऑक्झॅलिक अॅसिड मिसळलं की कॅल्शियमचा पांढुरका-पिवळट थर धातूवर बसतो आणि लोक म्हणतात अॅसिड खराब निघालं. आरओ प्लांटचा २० लिटरचा एक जार आणा, एका सायकलीला पुरतो.

सुट्या स्टीलच्या भागांना लिंबूसत्व पुरेसं आहे: १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम, म्हणजे १० लिटरच्या टबात अर्धा किलो. हँडल, नट, बोल्ट, कॅरियर ४ ते १२ तास बुडवा आणि दर दोन तासांनी ब्रश मारून बघा. बारा तासांहून जास्त विसरलात तर भाग काळसर होतो आणि क्रोम असेल तर खालून सुटू लागतं. क्रोमवर नुसतेच ठिपके असतील तर बुडवूच नका. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून पाण्यात ओली करा आणि घासा, ठिपके जातात.

रंग ठेवायच्या फ्रेमवर ऑक्झॅलिक अॅसिड चांगलं, लिटरला २० ते २५ ग्रॅम. ओल्या फडक्यांनी गंजाच्या जागा गुंडाळून ठेवा. हे विषारी आहे. हातमोजे घाला, पूड उडवू नका, आणि टब जनावरांच्या हौदाजवळ कधीच ठेवू नका. काम झाल्यावर पाण्यात चुना टाकून निवळू द्या. ओढ्यात ओतायचं नाही.

बाहेर काढल्यावर लिटरला चमचाभर खाण्याचा सोडा टाकलेल्या पाण्यात बुचकळा, पुसा, उन्हात वाळवा आणि दहा मिनिटांत तेलाचा हात फिरवा. चहा घेऊन येईपर्यंत ठेवलंत तर तांबूस पातळ गंज पुन्हा चढलेला दिसेल.

> अॅसिडमध्ये घालू नका: चेन, छर्रे, स्प्रिंग. टणक केलेलं स्टील अॅसिडनं ठिसूळ होतं आणि नंतर कधीतरी तुटतं. अॅल्युमिनियमचे भागही बाहेर ठेवा, ते मंद पडतात.

फ्रेमच्या आतल्या बाजूसाठी रंगाच्या दुकानातून डबल बॉइल्ड जवसाचं तेल घ्या. नळ्यांत ओता, फ्रेम सगळ्या दिशांना फिरवा, निथळू द्या. आठवडाभरात आत पातळ कवच धरतं. फ्रेम भट्टीत जाणार असेल तर हे काम भट्टीनंतर. या तेलानं भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात, उन्हाळ्यात तर लवकरच. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

६. पावडर कोटिंगला देताना

भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची असते, त्यानं ब्रेझ केलेल्या स्टील फ्रेमला काही होत नाही. अडचण ब्लास्टिंगमध्ये (जुना रंग काढायला जोरानं मारलेल्या वाळूसारख्या कणांच्या, म्हणजे ग्रिटच्या, माऱ्यात) असते. त्या कारखान्यात रोज जाड लोखंडी जाळ्या येतात. त्याच जोरात तुमची पातळ नळी गेली तर ती खरवडून येते. 'हलका दाब, बारीक ग्रिट' हे कागदावर लिहून फ्रेमला बांधा.

आसाचे आटे, हँडलच्या नळीची दोन्ही तोंडं, सीटच्या नळीचं आतलं अंग, चाकाच्या खाचा आणि ब्रेकचे खुंट झाकून द्यायला सांगा. आसाच्या जागी जुने कप हातानं घालून पाठवलेत तर आटे सुरक्षित राहतात. हँडलच्या जुन्या वाट्या मात्र आधीच काढा.

७. छर्रे, वाट्या आणि ग्रीस

दुकानात 'ओव्हरऑइलिंग' म्हणतात ते हेच, पण दुकानात घाईत जुने छर्रे पुसून परत बसवतात. छर्रे स्वस्त आहेत, सगळे बदला. एका वाटीत जुने-नवे मिसळले तर भार मोठ्यांवर येतो आणि वाटी खोदली जाते.

नेहमीची मापं अशी:

- पुढचा हब: ३/१६ इंच (४.७६ मिमी), प्रत्येक बाजूला १०
- मागचा हब: १/४ इंच (६.३५ मिमी), प्रत्येक बाजूला ९
- पायडलचा आस: १/४ इंच, प्रत्येक बाजूला ११
- १ इंची हँडल: बहुधा ५/३२ इंच (३.९७ मिमी)

उघडताना आपल्या सायकलीचे मोजाच, अपवाद असतात. वाटी भरून एका छऱ्याएवढी जागा मोकळी राहायला हवी. ठासून भरले तर छर्रे एकमेकांवर घासतात.

कोनवर (छर्रे ज्यावर फिरतात त्या अॅक्सलवरच्या निमुळत्या नटावर) नख फिरवा. खड्डा लागला तर कोन बदला, ग्रीसनं तो झाकत नाही. पिंजऱ्यातले छर्रे असतील तर पिंजऱ्याची बाजू फोटोत बघा. उलटा बसला तर हँडल करकरतं. हँडल मधोमध येऊन 'अडकल्यासारखं' वाटत असेल तर वाट्यांना खड्डे पडलेत, वाट्याच बदलाव्या लागतील.

ग्रीस लिथियमचं, २ नंबर. स्वस्त पिवळं चेसिस ग्रीस आपल्या उन्हात पातळ होऊन बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसली की घासकागद तयार.

कोन आवळताना क्विक रिलीजच्या चाकात अगदी किंचित खेळ ठेवा. लिव्हर बंद केल्यावर तो नाहीसा व्हायला हवा. नटाच्या अॅक्सलला खेळ नको आणि अडकणंही नको. चौकोनी आसावर क्रँक हातोड्यानं बसवू नका. बोल्ट ३५ ते ४० न्यूटन-मीटरनं आवळा.

८. चाकं आणि टायर

'२६ चा टायर द्या' एवढं सांगून दुकानातून आणलेला टायर पुष्कळदा बसत नाही. २६ बाय १ ३/८ हे ५९० मिमीच्या रिमसाठी असतं. माउंटन बाइकला ५५९ लागतं, म्हणजे २६ बाय १.९५, २.१० असे दशांशातले आकडे. टायरच्या कडेवर ५५९ छापलेलं बघूनच घ्या.

रिमच्या ब्रेक लागणाऱ्या बाजूला सरळ पट्टी धरा. मधे खोलगट उजेड दिसला तर रिम झिजलीय, आऊट (चाकाची डगडग) काढण्यात वेळ घालवू नका. रिम चांगली असेल तर आऊट १ मिमीच्या आत आणा. निपल फिरवण्याआधी प्रत्येकाला तेलाचा थेंब द्या आणि तासभर थांबा. जुने निपल कोरडे फिरवले की कोपरे गोल होतात.

वेडी बाभूळ आणि सराटे यांच्यासाठी टायरच्या आत लायनर पट्टी घाला. जुना टायर कापून घालायची पद्धत आहे, पण त्याच्या कडाच ट्यूब कापतात, म्हणून कडा तासून घ्या. २ इंची टायरला ३५ ते ५० पीएसआय हवा, आणि कडेवर लिहिलेली मर्यादा ओलांडू नका.

९. ब्रेक, गिअर, चेन

जुन्या कँटिलिव्हर ब्रेकच्या (दोन आखूड बाहू आडव्या तारेनं जोडलेल्या) जागी लांब बाहूंचे व्ही-ब्रेक बसवायचा मोह होतो. जुन्या लिव्हरनं ते चालत नाहीत, कारण लिव्हर केबल कमी ओढतो. बदलायचे तर लिव्हरसकट बदला. कँटिलिव्हर ठेवणार असाल तर आडवी तार ब्रेकच्या बाहूशी साधारण काटकोनात येईल अशी जोडा. ब्रेकचे गुटके पुढच्या टोकाला १ मिमी जवळ ठेवले की किंचाळणं कमी होतं.

अंगठ्याचे साधे शिफ्टर बहुतेक आयुष्यभर चालतात. नव्वदच्या दशकातले क्लिकवाले शिफ्टर मात्र 'मेलेत' म्हणून फेकून दिले जातात. बहुतेक वेळा आतलं ग्रीस वाळून चिकट झालेलं असतं. कव्हर काढून डिग्रीझर मारा, लिव्हर पन्नासेकदा दाबा, पुन्हा मारा, आणि मग पातळ तेलाचे दोन-तीन थेंब. शिफ्टर पूर्ण खोलू नका, स्प्रिंग उडाली की जोडता जोडता रविवार जातो.

चेनच्या एका पिनपासून पुढच्या चोविसाव्या पिनपर्यंतचं अंतर नवी असताना बरोबर १२ इंच असतं. १.६ मिमी वाढलं तर चेन बदला. ३ मिमी वाढलं असेल तर फ्रीही गेलेला आहे. नवी चेन जुन्या फ्रीवर उड्या मारते.

शॉकअपवाला चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) असेल तर आतले रबरी ठोकळे बघा. बहुतेक दगडासारखे कडक किंवा चुरा झालेले असतात. नवे मिळाले नाहीत तर त्याच उंचीचा स्टीलचा साधा चिमटा बसवा.

१०. पहिली फेरी

पहिले ५ किलोमीटर सपाट रस्त्यावर, पाने खिशात ठेवून. दर किलोमीटरला थांबून क्रँकचे बोल्ट, हँडलचा दांडा आणि अॅक्सलचे नट हातानं तपासा. हँडलचा दांडा आणि सीट पाइप दोन्हींवरची 'किमान खोली'ची खूण नळीच्या आत गेलेली असायला हवी. दोन्हींवर बसवताना ग्रीस लावलं होतं ना? नसेल तर आत्ताच काढून लावा, नाहीतर काही वर्षांनी कुणीतरी पुन्हा बर्फ बांधत बसेल.

म्हैसमाळचा चढ-उतार पहिल्याच दिवशी नको. नवीन ब्रेकच्या गुटक्यांना आणि केबलला बसायला वेळ लागतो. पहिल्या ५० किलोमीटरनंतर केबल ताणल्या जातात, स्पोक थोडे ढिले होतात. तेव्हा ब्रेक, गिअर आणि चाकांचा आऊट पुन्हा एकदा काढा, मग घाटात जा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शिवारातून आणलीत तर चेन-स्टे (मागच्या चाकाकडं जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळ्या) आणि टायरमधला चिखल ओला असतानाच काडीनं काढा. वाळला की सिमेंट होतो आणि फिरणारं चाक रंग खरवडतं.

चेनला इंजिन ऑइल घालू नका. हलकं तेल घाला आणि रात्री कोरड्या फडक्यानं वरचं सगळं पुसून टाका.